मराठी मजकूर दर अंकाला का फुटतो आणि तो दारातच कसा अडवायचा

पडद्यावर पान नीट दिसत होतं, प्रूफ पास झालं होतं, आणि छापून आलेल्या अंकात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चं ‘सह्याद्रीच्या दर्या’ झालेलं. कुठे वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला, कुठे रफार शेजारच्या अक्षरावर, कुठे ‘ॲड.’च्या जागी रिकामी चौकट. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात घरून किंवा छोट्या गाळ्यातून डीटीपी (संगणकावर पानं लावणं) आणि प्रीप्रेसचं (छपाईआधीच्या तयारीचं) काम करणाऱ्या कुणालाही ही तक्रार नवी नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल, त्याच सुमारास गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, मागोमाग दिवाळी अंक. ग्राहक तेच, मजकूरही बराचसा तोच, आणि फुटणंही तेच.

दरवर्षी निस्तरूनही ही अडचण परत येते, कारण आपण दुरुस्ती पानावर करतो. अंक छापून जातो, पण ग्राहकाच्या संगणकातली मूळ फाईल फुटकीच राहते. पुढच्या वर्षी तो त्याच फाईलमध्ये तारखा आणि नावं बदलून पाठवतो आणि आपण पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. मी हे काम बरीच वर्षं एकट्याने करतो आहे. माझं ठाम मत असं झालंय की मजकूर लेआउटमध्ये शिरण्याआधी साफ झाला पाहिजे आणि साफ झालेला मजकूर काम संपल्यावर ग्राहकाकडे परत गेला पाहिजे. बाकीचं सगळं तात्पुरतं.

आधी लक्षण ओळखा

‘अक्षरं फुटली’ या एकाच तक्रारीखाली निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. फॉन्ट बदलून बघ, पुन्हा एक्स्पोर्ट करून बघ, असं करत बसलं की रात्र जाते.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला आहे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.) अक्षरं मराठीच आहेत, पण हलन्त (अक्षराचे मोडलेले पाय) उघडे पडलेत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आहे, तर मजकूर बरोबर आहे. चूक लेआउटमधल्या कम्पोजरची, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणाऱ्या भागाची आहे. रिकामी चौकट दिसली की त्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं की अक्षरांचा क्रम बिघडलाय: मात्रेच्या आधी व्यंजन नाही किंवा एकावर दोन मात्रा पडल्यात. आणि तुमच्या पीडीएफमध्ये सगळं बरोबर असून फक्त छापताना बिघडलं, तर प्रेसमध्ये कुणीतरी ती पीडीएफ उघडून हाताळली आहे. या शेवटच्या प्रकारात आपण आपलाच फॉन्ट तपासत बसतो, म्हणून तो सगळ्यात जास्त वेळ खातो.

जुन्या फॉन्टचा मजकूर

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सीडॅकचे योगेश आणि सुरेख. नव्वदच्या दशकापासून मराठी डीटीपी यांच्यावर उभी राहिली आणि त्या काळात दुसरा व्यवहार्य मार्गही नव्हता. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खणांत देवनागरीचे आकार बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फॉन्ट लावला की आपल्याला मराठी दिसतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण आपल्या टेबलावर ते खऱ्या अर्थाने पोचायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. तोवर प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने खण भरले होते. म्हणून कृतिदेवचा कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) श्रीलिपीला चालत नाही. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या फॉन्टनाही तो चालेलच असं नाही.

तेव्हा कन्व्हर्टर उघडण्याआधी फॉन्टचं नेमकं नाव बघा. फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी वर्डच्या फाईलमध्ये मजकूर निवडल्यावर वरच्या खणात त्याचं नाव दिसतं. ते लिहून ठेवा. ग्राहकाला विचारून उपयोग नसतो. “नेहमीचाच मराठी फॉन्ट आहे हो” एवढंच उत्तर मिळतं, आणि त्यांच्याकडून त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

नाव कळलं तरी संपूर्ण फाईल एका दमात कन्व्हर्टरमध्ये ओतू नका. पतपेढीच्या अहवालात मराठी मजकुराच्या मध्येच ईमेल पत्ते, पॅन क्रमांक, इंग्रजी संक्षेप असतात. ते साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये असतात, पण कन्व्हर्टरला फॉन्ट कळत नाही. तो त्यांनाही मराठी समजून देवनागरी कचरा करून ठेवतो. वर्डच्या शोधा-बदलाच्या खिडकीत फॉन्टनुसार शोध घेता येतो. त्याने इंग्रजी तुकडे आधी वेगळ्या रंगात करून घ्या आणि फक्त मराठी तुकडे रूपांतरित करा. वेळ लागतो, पण सदस्यांच्या यादीतले पत्ते नंतर हाताने जुळवण्यापेक्षा बराच कमी.

रूपांतर झाल्यावर चुका कुठे सापडतील हे बहुतेक ठरलेलं असतं. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्या पद्धतीत अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. म्हणजे ‘आर्थिक’ या एका शब्दात कन्व्हर्टरला दोन उड्या उलट्या दिशांनी माराव्या लागतात: ‘थ’च्या डावीकडची वेलांटी उजवीकडे न्यायची आणि उजवीकडचा रफार डावीकडे. मध्ये जोडाक्षर आलं की त्याची गडबड होते. शिवाय जुन्या फॉन्टमध्ये दीर्घ वेलांटी आणि रफार मिळून एकच आकार, त्यावर अनुस्वार घेतलेला आणखी एक आकार, अशी तयार जोडकामं असतात. कन्व्हर्टरच्या तक्त्यात ती नसली की ‘कार्यकर्त्यांनी’तला रफार ‘या’वर जाऊन बसतो किंवा ‘विद्यार्थी’ची वेलांटी गळते.

मी एक चाचणीचं पान ठेवलंय आणि नवा कन्व्हर्टर किंवा नवा फॉन्ट आला की ते आधी त्यातून काढतो. त्यात असे शब्द आहेत: आर्थिक, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांमध्ये, दुसऱ्या, कोऱ्हाळे, वाङ्मय, उद्घाटन, हृदय, श्रद्धा, ज्ञान, राष्ट्र, ऑगस्ट, ॲड., दुःख, बँक. तुम्ही स्वतःचं पान तयार करा, कारण तुमच्या ग्राहकांचे फॉन्ट आणि त्यांचे शब्द तुम्हालाच माहीत.

पीडीएफबद्दल एक गोष्ट. “अहो, मागच्या वर्षीची पीडीएफ आहे ना, त्यातूनच उचला की,” असं दर दुसरा ग्राहक म्हणतो. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमधून खिचडीच निघते. युनिकोड फॉन्टची पीडीएफ असली तरी कॉपी केल्यावर वेलांट्या इकडच्या तिकडे होतात आणि जोडाक्षरं सुटतात, कारण पीडीएफमध्ये आकार साठवलेले असतात आणि त्यावरून मूळ क्रम परत जुळवणं दरवेळी जमत नाही. अशा वेळी पानाची प्रतिमा करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) बरं. गुगल ड्राइव्हचं किंवा टेसरॅक्टचं मराठी ओसीआर स्वच्छ छपाईवर चांगलं चालतं. फक्त ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ख’ आणि ‘रव’ या जोड्या डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात.

युनिकोड आहे, तरीही फुटतं

इथे बरेच जण गाफील राहतात. व्हॉट्सॲपवरून आलेला लेख युनिकोडमध्ये आहे म्हटलं की तो थेट पानावर ओतला जातो. पण युनिकोडमध्येही एकच अक्षर अनेक मार्गांनी लिहिता येतं, आणि आपल्या अर्ध्या ‘र’चं ते फार मोठं दुखणं आहे.

‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ तीन तऱ्हांनी फाईलमध्ये असू शकतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, खाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तिसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, ज्याचा युनिकोड क्रमांक २००डी आहे. तिन्ही दिसायला सारखे. पण तिसऱ्यातला जोडक कुठे गळाला, की उरतो ‘र’ आणि हलन्त, आणि त्याचा रफार होतो. हा जोडक गळतो कसा? कुणी ‘अनावश्यक चिन्हं साफ करा’ असं एखादं साधन चालवतं, एखाद्या वेबसाइटच्या चौकटीतून मजकूर फिरून येतो, किंवा आपणच जादा जागा काढायच्या नादात ते चिन्ह उडवतो. त्यानंतर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ आणि ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. शब्द दोन्ही शुद्ध असल्यामुळे स्पेलचेक गप्प बसतं आणि प्रूफ वाचणाराही पुढे जातो.

उपाय क्रमाने करायचा. न दिसणारी चिन्हं काढायच्या आधी ‘र’, हलन्त आणि २००डी हा तिकडा शोधून त्याच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घाला. नुक्त्याचा प्रकारही तसाच बदला. इनडिझाइन या पानं लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये ग्रेप (नमुन्यानुसार) शोधात युनिकोड क्रमांकाने हे चिन्ह शोधता येतं. एकदा शोध जतन करून ठेवला की दर कामाला एक क्लिक. त्यानंतरही उरलेले जोडक सरसकट उडवू नका, कारण काही लेखक अर्ध्या अक्षराचा विशिष्ट आकार मिळावा म्हणून ते मुद्दाम वापरतात.

‘ॲ’चंही असंच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र जोडलेला असतो, काही कीबोर्ड ‘ऍ’ देतात, आणि जुन्या युनिकोड फॉन्टमध्ये ‘ॲ’ नसल्यामुळे चौकट येते. वकिलांची नावं असलेल्या प्रत्येक कामात हे निघतं. सगळीकडे ‘ॲ’ करून टाका आणि ते अक्षर असलेलाच फॉन्ट निवडा. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करण्याची सवयही सार्वत्रिक आहे. ‘अंत:करण’, ‘नि:शुल्क’ यांत ओळ कोलनपाशी तुटू शकते. दोन मराठी अक्षरांच्या मधे, जागा न सोडता आलेला कोलन शोधला की बहुतेक सापडतात.

लेआउटमधली कारणं

इनडिझाइनमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कम्पोजर लागतो. साधा कम्पोजर असला की हलन्त उघडे पडतात. अनेक जण परिच्छेद निवडून तो बदलतात आणि तळटीप, तक्ता, फोटोओळ, पानाच्या डोक्यावरचं नाव तसंच राहतं. कम्पोजर पॅराग्राफ स्टाइलमध्ये बसवा, मूळ स्टाइलपासून सुरुवात करा, आणि भाषा मराठी ठेवा. भाषा मराठी ठेवण्याला आणखी एक कारण आहे: काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी दिलेली असतात आणि भाषेनुसार ती बदलतात. राज्य शासनाने २०२२ मध्ये वर्णमालेबद्दल काढलेल्या निर्णयानंतर शाळांच्या आणि सरकारी कामांत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आवर्जून मागितला जातो, तेव्हा हे काम घेण्याआधीच तपासा.

जस्टिफिकेशनमध्ये (ओळी दोन्ही कडांना जुळवताना) अक्षरांतलं अंतर शून्यावरच ठेवा. इंग्रजीसाठी बसवलेली सेटिंग तशीच राहिली की ओळ ताणताना शिरोरेषेत फटी पडतात. पडद्यावर ती बारीक रेघ वाटते, छापल्यावर डोळ्यात खुपते. ताण शब्दांमधल्या जागेत घ्या.

कोरल या चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये जाहिरात करणाऱ्यांनी कर्व्ह केल्यावर (अक्षरांचे आकार बनवल्यावर) सगळी अक्षरं ‘कम्बाइन’ करू नयेत. शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. कम्बाइन केलं की तेवढा भाग पांढरा पडतो. तिथे ‘वेल्ड’ करा.

टाइप वन जातीच्या जुन्या फॉन्टचं काय झालं हे अजूनही विचारलं जातं. इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा आधार काढून घेतला. फॉन्ट तुमच्या संगणकात आहे, फाईल त्याच फॉन्टची आहे, तरी नवं इनडिझाइन ‘फॉन्ट सापडत नाही’ म्हणतं. फॉन्ट पुन्हा बसवून काही होत नाही. छापायला तयार असलेल्या पीडीएफमध्ये तो आत बसवलेला असेल तर छपाई होते, बदल मात्र करता येत नाहीत.

प्रेसपर्यंतचा शेवटचा टप्पा

तुर्भ्याच्या किंवा वागळे इस्टेटच्या प्रेसमध्ये फाईल पाठवल्यावर आपण सुटलो असं वाटतं. पण ऐन वेळी एखादी जाहिरात बदलायची म्हणून तिथला ऑपरेटर पीडीएफ कोरलमध्ये उघडतो. त्याच्याकडे तुमचा फॉन्ट नसतो, कोरल दुसरा फॉन्ट घालतं, आणि एका पानाची जोडाक्षरं सुटतात. त्याच्या मागे मालक उभा असतो, प्लेट लावायची घाई असते. त्याच्यावर चिडून काही साधत नाही. आधीच ठरवून घ्या: पीडीएफ उघडायची नाही, फक्त फॉर्ममध्ये (छपाईच्या तावाच्या मांडणीत) बसवायची, आणि बदल असेल तर मला फोन करायचा, रात्री अकरा वाजताही. मी ते पान पंधरा मिनिटांत बदलून देतो. प्रेसला हे पटतं, कारण पुन्हा छापण्याचा खर्च त्यांच्याही अंगावर येतो. पीडीएफ एक्स-वन-ए हवी की एक्स-फोर (छपाईसाठीच्या पीडीएफचे दोन प्रकार), हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

पाठवण्यापूर्वी ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये काळी प्लेट (काळ्या शाईचा भाग) बंद करून बघा. मजकूर तरीही दिसत राहिला तर तो चार रंगांत गेलाय. वर्डमधून आलेल्या पानांत हे नेहमी होतं, आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांच्या वेलांट्या रंगीत सावल्या टाकतात.

मजकूर परत द्या

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ती गोष्ट. अंतिम प्रूफ पास झाल्यावर इनडिझाइनमधला सगळा मजकूर, शेवटच्या दुरुस्त्यांसह, युनिकोड वर्ड फाईलमध्ये काढा आणि अंकाबरोबर ग्राहकाला द्या. फाईलच्या नावात वर्ष घाला. सोबत एवढंच सांगा: “पुढच्या वर्षी यातच बदल करा, जुनी फाईल वापरू नका.” सेक्रेटरी बदलतात, म्हणून दोन जणांना पाठवा.

कोटेशनमध्ये रूपांतराचा आणि साफसफाईचा दर वेगळा लिहा. पानाच्या दरात तो गाडला की ग्राहकाला वाटतं हे फुकट होतं, आणि त्याची मूळ फाईल सुधारण्याचं त्याला काही कारणच उरत नाही. वेगळी ओळ दिसली की पहिल्या वर्षी तो कुरकुरतो, दुसऱ्या वर्षी साफ फाईल पाठवून ते पैसे वाचवतो. काही सहव्यावसायिक मला म्हणतात की अशाने काम हातचं जाईल, उद्या तीच फाईल घेऊन तो दुसऱ्याकडे जाईल. एखादा जातोही. पण मजकूर त्याचा आहे. लेआउट आपलं, टाइपची निवड आपली, पानावरचा हात आपला. त्याचे पैसे घ्यावेत. मजकूर अडवून ग्राहक टिकवणं मला मान्य नाही, आणि रूपांतरात जाणाऱ्या रात्री वाचल्या की तेवढ्यात दुसरं काम होतं.

यात पैशापलीकडचंही काही आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून या ठाण्यात उभं आहे. इथल्या मंडळांच्या, शाळांच्या, पतपेढ्यांच्या स्मरणिकांत वस्त्यांचा, तलावांचा, बंद पडलेल्या कारखान्यांचा इतिहास आहे, जो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही. जुन्या फॉन्टमधल्या फाईलमध्ये कुणालाही काही शोधता येत नाही. कुणी ‘कळवा’ टाइप केलं तर तिथे कळवा नाहीच, इंग्रजी चिन्हं आहेत. युनिकोडमध्ये दिलेला मजकूर निदान सापडेल.

म्हणूनच एआयच्या साधनांबद्दल सावध केलं पाहिजे. आता मजकूर त्यांच्यातून ‘शुद्ध’ होऊन येतो. अक्षरं फुटत नाहीत, शब्द बदलतात. आगरी कवितेतलं ‘नाय’ गुपचूप ‘नाही’ होतं, गावाचं किंवा माणसाचं कमी वापरातलं नाव ओळखीच्या नावात बदलतं, वाक्य गुळगुळीत होतं. हे प्रूफमध्ये पकडणं फुटक्या अक्षरापेक्षा कितीतरी कठीण, कारण खटकण्यासारखं काही उरतच नाही. मी रूपांतरासाठी ठरलेल्या तक्त्याने चालणारा कन्व्हर्टरच वापरतो. त्याच्या चुका दरवेळी त्याच असतात आणि शोधता येतात. असा ‘शुद्ध’ झालेला मजकूर आला, तर मूळ हस्तलिखित किंवा व्हॉट्सॲप संदेश मागून घ्या आणि दोन्ही फायली वर्डच्या ‘कम्पेअर’मधून काढा.

राहिला प्रश्न कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाचा. डोंगल (फॉन्ट चालायला जोडावी लागणारी किल्ली) लावलेला, पेजमेकर हा पानं लावण्याचा जुना प्रोग्रॅम चालवणारा संगणक अनेकांकडे अजून आहे. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, सात, २००१ ची. तिच्या फायली इनडिझाइन सीएस-सिक्सपर्यंत उघडत, पुढच्या आवृत्त्यांत नाही. तो संगणक चालू आहे तोवर प्रत्येक फाईलची एक पीडीएफ आणि मजकुराची एक वर्ड फाईल काढून घ्या. फॉन्टच्या प्रती आणि त्यांची नेमकी नावं सोबत ठेवा, नाहीतर नंतर कोणता कन्व्हर्टर लावायचा हेच कळणार नाही. सगळ्या फायली एकदम होणार नाहीत. जे ग्राहक दरवर्षी येतात त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि त्यातही ज्यांचा अंक आता दोन-तीन महिन्यांवर आलाय त्यांच्या फायली आधी घ्या.